चार कामट्यांची तलवार

एका मास्तरने आपल्या शाळेतल्या मुलींच्या जिवावर वर्षभराच्या जेवणाची पैज लावली. गोष्ट जपानमधली आहे. मास्तरचं नाव तोराजी इशिदा, पण सगळे त्याला कोजिरो म्हणतात. महिना संपायच्या कितीतरी आधी पगार संपतो आणि उरलेले दिवस कपातल्या शेवयांवर गरम पाणी ओतून काढावे लागतात. एके दिवशी शिकत असतानाचा जुना सीनियर त्याला गाठतो. तोही आता दुसऱ्या शाळेत शिक्षक आहे आणि तिथल्या केंडो, म्हणजे बांबूच्या तलवारीने लढायच्या खेळाच्या, संघाला शिकवतो. बोलण्यातून बोलणं वाढतं आणि ठरतं की दोन्ही शाळांच्या मुलींची लढत लावायची. कोजिरोचा संघ जिंकला तर सीनियरच्या वडिलांच्या सुशीच्या हॉटेलात त्याला वर्षभर फुकट जेवण. कोजिरो हो म्हणून बसतो. सामन्याला मुली लागतात पाच आणि त्याच्या क्लबात न चुकता सरावाला येणारी मुलगी असते एक.

'बांबू ब्लेड' इथून सुरू होते. मासाहिरो तोत्सुका यांनी लिहिलेली आणि आगुरी इगाराशी यांनी चितारलेली ही चित्रकथा जपानमध्ये २००४ ते २०१० या काळात क्रमशः येत होती. पुढे तिची चौदा पुस्तकं झाली. तिच्यावरची सव्वीस भागांची अॅनिमे, म्हणजे जपानी पद्धतीची कार्टून मालिका, ऑक्टोबर २००७ पासून तिथल्या टीव्हीवर दाखवली गेली. आमच्या बीडच्या घरात ती आली नववीतल्या पुतणीच्या मोबाइलवरून. खालची इंग्रजी अक्षरं भराभर वाचत ती बघायची. शेजारी बसून मीही बघायला लागलो आणि गुंतलो. एका संध्याकाळी तिने विचारलं, "काका, आपल्याकडं काठ्यांची अशी मॅच नसती का हो?" मी लगेच उत्तर दिलं नाही. त्या प्रश्नाचं उत्तर लांब आहे, आणि आधी केंडो म्हणजे काय ते नीट समजून घेतल्याशिवाय ते देता येत नाही.

संघ जमवायची गोष्ट आधी सांगतो, कारण ती आपल्या ओळखीची आहे. किरिनो चिबा ही क्लबची कप्तान. घरी तयार भाज्या आणि तोंडीलावणी विकायचं दुकान आहे, ते सांभाळून ती सरावाला येते. तिची मैत्रीण सायाको एकदा का नव्या नादाला लागली की आठवडेच्या आठवडे फिरकत नाही. मियाकोने आयुष्यात कधी काठी हातात धरलेली नाही. अझुमाला केंडो चांगलं येतं, पण अभ्यासात मार खाते म्हणून तिने खेळ सोडलाय. आणि टामाकी कावाझोए, सगळ्यांत बुटकी, सगळ्यांत अबोल. तिच्या वडिलांची घरचीच केंडोची तालीम आहे, त्यामुळे तिचं कौशल्य थक्क करणारं आहे. पण तिला त्याचं काहीच कौतुक नाही. केर काढावा, भांडी घासावी, तसं ती केंडो करते. टीव्हीवरचे मुखवटेवाले वीर मात्र तिला जीव की प्राण. या मुलींना एकत्र आणण्यातच मालिकेचे कितीतरी भाग जातात, आणि तिथेच ती सगळ्यांत गोड आहे.

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही क्रीडाशिक्षकाला ही गोष्ट सांगा, त्याला पुढचं सांगावं लागणार नाही. कबड्डीला सात लागतात, खो-खोला नऊ. नावं लिहून घेतली की कुणाच्या घरी धाकटी भावंडं सांभाळायला कोणी नसतं, कुणाला वडील 'पोरीनं चड्डीवर खेळायचं नाही' म्हणतात. आणि दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते. जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातली हजारो कुटुंबं कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती कारखान्यांचा पट्टा पडेपर्यंत परत येत नाहीत. मागे राहिलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं चालवली जातात, तरी पुष्कळ मुलं आईबापाबरोबर फडात जातात. पाच मुली एका वेळी एका मैदानावर उभ्या करणं म्हणजे काय, हे आपल्या मास्तरांना कोजिरोपेक्षा जास्त ठाऊक आहे.

पाचांच्या या संघात एक सुंदर व्यवस्था आहे. पाच जणी पाच क्रमांकांवर उभ्या राहतात आणि प्रत्येक जागेला नाव आहे. पहिली 'सेनपो' म्हणजे आघाडीची, दुसरी 'जिहो', मधली 'चुकेन', चौथी 'फुकुशो' म्हणजे उपसेनापती, शेवटची 'ताइशो' म्हणजे सेनापती. समोरच्या संघातली त्याच क्रमांकाची मुलगी हा तिचा जोड. पाच लढती होतात, ज्यांचे विजय जास्त तो संघ जिंकतो. विजय सारखे झाले तर मिळवलेले गुण मोजतात. आता यातली गंमत बघा. सांघिक सामन्यात लढत बरोबरीत सुटू शकते. म्हणजे दोन महिन्यांपूर्वी काठी धरायला शिकलेली मियाको समोरच्या पट्टीच्या खेळाडूसमोर उभी राहिली आणि फक्त हरली नाही, वेळ संपेपर्यंत टिकली, तरी तिने संघासाठी मोठं काम केलेलं असतं. कच्च्या खेळाडूच्या वाट्याला इतकं मानाचं काम देणारे खेळ फार थोडे आहेत. शाळेच्या खेळात हे असलंच पाहिजे असं मला वाटतं, कारण शाळेत कच्चेच जास्त असतात.

आता त्या काठीकडे येऊ. तिला 'शिनाई' म्हणतात. दिसायला साधी, पण तिच्यात दोन-अडीचशे वर्षांची अक्कल आहे. बांबूच्या चार कामट्या तासून, गुळगुळीत करून एकत्र बांधलेल्या असतात. आत पोकळी राहते. टोकावर चामड्याची टोपी, मुठीवर लांब चामड्याची पिशवी, आणि दोन्हींना जोडणारी एक ताणलेली दोरी. टोकापासून साधारण पाव अंतरावर चामड्याचा एक पट्टा करकचून बांधतात. वार लागतो तेव्हा कामट्या क्षणभर एकमेकींपासून फाकतात, लवतात, पुन्हा मिटतात. माराचा जोर असा त्या कामट्याच पिऊन टाकतात. भरीव लाकडाच्या तलवारीने डोकं फुटेल, तिथे शिनाईने नुसता खणखणीत आवाज येतो.

ती दोरी नुसती बांधायला नाही. दोरी असते ती बाजू तलवारीची पाठ समजायची आणि तिच्या समोरची बाजू धार. काठी गोल असली तरी खेळाडूच्या डोक्यात तिला धार असते, आणि धारेच्या बाजूने, तेही टोकाकडच्या त्या पट्ट्याच्या पुढच्या भागाने लागलेला वारच धरला जातो. आडवीतिडवी काठी लागली तर गुण नाही. शाळकरी मुलांच्या वयाप्रमाणे तिची मापं ठरलेली आहेत. माध्यमिक शाळेत लांबी जास्तीत जास्त ११४ सेंटिमीटर, उच्च माध्यमिकमध्ये ११७, मोठ्यांना १२०. उच्च माध्यमिकच्या मुलींची शिनाई निदान ४२० ग्रॅमची हवी, मुलांची ४८० ग्रॅमची. रोज सरावाआधी मुलं कामट्यांवरून बोट फिरवून बघतात. कुठे कूस निघालेली दिसली तर तासून काढायची, तेल लावायचं, कामटी चिरलेली असेल तर बदलायची. फुटलेल्या कामटीचा तुकडा मुखवट्याच्या जाळीतून डोळ्यात जाऊ शकतो, म्हणून या तपासणीत हयगय चालत नाही. आपल्या बुरूडगल्लीत बांबू उभा चिरून, कामट्या सोलून, त्यांना पाहिजे तसं वळवणारे कारागीर आहेत. त्यांच्या हातात शिनाई दिली तर पाच मिनिटांत ते तिचं सगळं गुपित सांगतील.

काठीइतकंच महत्त्वाचं चिलखत. डोक्यावर 'मेन', म्हणजे लोखंडी आडव्या सळ्यांचा मुखवटा आणि खांद्यापर्यंत येणारी जाड गोधडीसारखी झालर. त्याखाली डोक्याला सुती पंचा बांधतात, घाम डोळ्यात उतरू नये म्हणून. हातात 'कोते', छातीपोटावर 'दो', कमरेखाली 'तारे', आणि 'तारे'च्या मधल्या पदरावर शाळेचं नाव आणि आडनाव लिहिलेली कापडी पिशवी. चिलखताखाली निळीत रंगवलेला सदरा आणि घेरदार चुण्यांची विजार. पाय अनवाणी. मारायच्या जागा चारच: डोकं, मनगट, कुशी आणि गळा. गळ्यावरचा टोचा धोक्याचा म्हणून माध्यमिक शाळेतल्या मुलांना बंद आहे.

आणि इथून केंडो इतर खेळांपासून वेगळं होतं. युरोपीय तलवारबाजीत अंगरख्यात विजेची तार असते. पात्याचा स्पर्श झाला की दिवा लागतो आणि निकाल लागतो. केंडोत दिवा नाही. ९ ते ११ मीटर बाजूच्या चौकोनात तीन पंच उभे असतात, प्रत्येकाच्या एका हातात लाल आणि दुसऱ्या हातात पांढरा झेंडा. तिघांपैकी दोघांनी एकच झेंडा उचलला तर गुण. झेंडा कशावर उचलायचा? काठी लागली एवढं पुरत नाही. मन, तलवार आणि शरीर या तिघांचा वार एकाच क्षणी पडला पाहिजे, असं ते म्हणतात. वार पडतो त्याच क्षणी पुढचा पाय जमिनीवर आपटला पाहिजे आणि त्याच क्षणी खेळाडूने कुठे मारतोय ते पोटातून ओरडून सांगितलं पाहिजे, "मेन!", "कोते!", "दो!" तोंडातून आवाज नाही, तर वार कितीही अचूक असो, पंचांचे झेंडे खालीच राहतात.

पहिल्यांदा बघणाऱ्याला हे ओरडणं विचित्र वाटतं. आपल्याला तरी वाटू नये. चढाईला गेलेला आपला गडी 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहतो आणि दम तुटला की बाद होतो. श्वास आणि डाव एकमेकांना बांधून टाकण्याची युक्ती आपल्या मैदानावर कधीपासूनच आहे. जपान्यांनी तीच युक्ती तलवारीला लावली. लाजाळू टामाकी, जी वर्गात तोंड उघडत नाही, मुखवटा चढवला की तिच्या आवाजाने हॉल दणाणतो. पुतणीला हेच सगळ्यांत आवडलं. बीडच्या रस्त्यावर मान खाली घालून चालायला शिकवलेल्या मुलींना मोठ्याने ओरडायची परवानगी देणारा खेळ किती मोलाचा आहे, हे मला तिच्याकडे बघून कळलं.

वार झाल्यावरही काम संपत नाही. पुढे निघून जायचं, वळायचं, पुन्हा तलवार रोखून उभं राहायचं. मन सैल सोडायचं नाही. याला 'झानशिन' म्हणतात, मागे उरलेलं भान. हे भान दिसलं नाही तर गुण देत नाहीत. दिलेला गुणही परत घेता येतो. गुण मिळाल्यावर खेळाडूने मूठ उंचावली, उड्या मारल्या, तर पंच एकत्र येतात आणि तो गुण रद्द करू शकतात. आपल्याकडे कुस्ती मारली की पैलवान खांद्यावर बसतो, हलगी कडाडते, फेटे उडतात, आणि ते पाहताना माझ्याही अंगावर काटा येतो. तरी केंडोतला हा नियम मला थोर वाटतो. समोर हरलेला उभा आहे, त्याच्यामुळेच आपला डाव झाला, हे त्या क्षणी लक्षात ठेवायला लावणारा नियम आहे तो. आखाड्यात उतरताना आपण माती कपाळाला लावतो, त्या भावनेच्या जवळचं काहीतरी.

शाळेत लढत चार मिनिटांची, धाकट्यांची तीन मिनिटांची, आणि दोन गुण आधी घेईल तो जिंकला. एक लढत चहा निवायच्या आत संपते. शिकणं मात्र आयुष्यभराचं. पदव्यांची उतरंड आठव्या 'दान'पर्यंत जाते. आठव्या दानाच्या परीक्षेला बसायचं तर वय निदान ४६ लागतं आणि शंभरात एखादाच पास होतो. सत्तरीतले म्हातारे विशीतल्या पोरांना जागचं हलू देत नाहीत, हे तिथलं नेहमीचं दृश्य.

हे सगळं आलं कुठून? जपानी तलवारबाज आधी लाकडी तलवारीने ठरावीक हालचाली घोकायचे. खरं मारायचं म्हटलं तर हाडं मोडायची. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला नागानुमा कुनिसातो या गुरूने आणि पुढे शतकाच्या मध्याला नाकानिशी त्सुगुताके याने मुखवटा, हातमोजे, छातीचं चिलखत सुधारलं आणि बांबूच्या काठीने मोकळेपणी मारायला सुरुवात केली. तिथे खरा बदल घडला. आता मारताना हात आखडावा लागत नव्हता आणि मार खाणारा उद्या पुन्हा सरावाला येत होता.

पुढे १८६८ मध्ये राजवट बदलली. १८७६ मध्ये सरकारने कमरेला तलवार लावून फिरायला बंदी घातली आणि सामुरायांच्या हातचं कामच गेलं. त्याआधीच, १८७३ मध्ये, साकाकिबारा केनकिची नावाच्या एका नावाजलेल्या तलवारबाजाने तोक्योत कुस्तीच्या फडासारखे तंबू ठोकून तिकीट लावून तलवारीचे खेळ दाखवायला सुरुवात केली होती. उपाशी तलवारबाजांना दोन घास मिळावेत, हा त्याचा हेतू. लोक गर्दी करायचे. काहींना ते लाजिरवाणंही वाटलं. विद्येचा तमाशा झाला, अशी टीका झाली. पण विद्या टिकली ती तमाशामुळे नाही. १८७७ मध्ये सामुरायांनी केलेल्या बंडाविरुद्ध तलवार घेऊन लढलेल्या पोलिसांनी सरकारचं लक्ष वेधलं आणि पोलीस दलात सराव सुरू झाला. १८९५ मध्ये क्योतोला सगळ्या युद्धकलांची एक मोठी संस्था उभी राहिली. आणि १९११ मध्ये हा खेळ शाळेत शिकवायला मान्यता मिळाली. माझ्या मते त्या सगळ्या सनावळीतलं सर्वांत मोठं साल हेच. त्या दिवसापासून तलवार कुळाची राहिली नाही, ज्याला शाळेत नाव घालता येतं त्या प्रत्येकाची झाली.

या गोष्टीला एक काळी बाजू आहे आणि ती लपवू नये. १९३० नंतर जपानच्या लष्करशाहीने शाळेतल्या केंडोचा वापर पोरांना युद्धाला तयार करण्यासाठी केला. म्हणूनच १९४५ मध्ये हरलेल्या जपानचा ताबा घेतल्यावर अमेरिकन प्रशासनाने शाळांतून केंडो बंद केलं. चाहत्यांनी १९५० मध्ये हलकं चिलखत आणि निव्वळ गुणांवरचा एक सौम्य खेळ काढून वाट शोधली. १९५२ मध्ये अखिल जपान केंडो संघटना स्थापन झाली. परत आलेलं केंडो आधीसारखं नव्हतं. ते आता उघडपणे खेळ होतं, मुलींचंही होतं. १९७० मध्ये तोक्योत पहिली जागतिक स्पर्धा झाली. २०१२ पासून जपानच्या माध्यमिक शाळांत ज्युदो, केंडो, सुमो यांसारख्या पारंपरिक युद्धखेळांपैकी एक शिकणं पहिल्या दोन वर्षांत मुलामुलींना सक्तीचं आहे. केंडोच्या संघटनेला मात्र ऑलिंपिकमध्ये जायची घाई नाही. दिव्यावर गुण मोजायला लागलो तर झानशिन कोण बघणार, ही त्यांची काळजी आहे, आणि ती मला पटते.

आता पुतणीचा प्रश्न. आपल्याकडे काठ्यांची अशी मॅच नसते का? होती. तिचं नाव फरीगदगा.

फरी म्हणजे चामड्याची छोटी गोल ढाल. गदगा म्हणजे वेताची काठी, वरून चामड्याने मढवलेली, म्हणजे लागली तरी जखम होऊ नये अशी. एका हातात फरी, दुसऱ्या हातात गदगा, समोर जोडीदार. मारायचं, अडवायचं, चुकवायचं. ढाल-तलवारीची लढाई शिकण्यासाठी काढलेला हा खेळ. वारांना नावं होती, जी आजही काठी शिकवणाऱ्यांच्या तोंडी आहेत: शीर, तमाचा, बाहेरा. 'मेन, कोते, दो' आणि 'शीर, तमाचा, बाहेरा' शेजारी ठेवून बघा. दोन देशांतल्या माणसांनी एकमेकांना न विचारता एकच प्रश्न सोडवला आहे: तलवार शिकायची कशी आणि जोडीदाराला जिवंत कसं ठेवायचं. त्यांनी बांबू चिरून मऊ केला, आपण वेताला चामडं चढवलं.

तलवारीचा इतिहास आपल्या जिल्ह्याला नवा नाही. गेवराई तालुक्यात गोदावरीच्या काठी राक्षसभुवन आहे. लोक तिथे शनीच्या दर्शनाला जातात. १० ऑगस्ट १७६३ रोजी तिथेच थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर लढाईत पडला. त्या काळात फरीगदगा हे लढणाऱ्याचं प्राथमिक शिक्षण होतं. लढाया संपल्या तशी ही विद्या तालमींत आली. अमरावतीला १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने ती पुष्कळ जपली. मंडळाचा संघ १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आला. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशासाठी आयुष्य वेचलं आणि असे खेळ कागदावर नोंदवून ठेवले. म्हणजे जाणकारांची वाण नव्हती.

मग आपल्या शाळेत फरीगदग्याची मॅच का नाही? माझं उत्तर असं आहे की आपण तिची मिरवणूक केली. शिवजयंतीला, गणपतीत पोरं-पोरी काठी फिरवतात, दांडपट्ट्याने लिंबू कापतात, आगीचे गोळे फिरवतात. ते बघताना छाती भरून येते, आणि त्या मुलांची मेहनत खरी असते. २०२४ च्या शिवजयंतीला राज्य सरकारने दांडपट्टा हे महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं, तेही योग्यच झालं. पण मिरवणुकीत समोर प्रतिस्पर्धी नसतो. चुकलं तर चुकलं हे कुणी सांगत नाही. काठी फिरवणारा फिरवतो आणि बाकीचे टाळ्या वाजवतात. प्रात्यक्षिकाला निवडक तरबेज मुलं लागतात, सामन्याला मियाकोसारखी कच्चीही चालतात. दांडपट्ट्याची झळाळी मोठी आहे, पण तो शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या हातात देता येत नाही. गदगा देता येतो, आणि नेमका तोच आपण विसरलो.

हे होऊ शकतं याचा पुरावा मराठवाड्यातच आहे. नांदेडला होला मोहल्ल्याच्या दिवसांत जाऊन या. शीख तरुण गतका खेळताना दिसतील. गतका आणि गदगा, शब्द सख्खे आहेत. त्यांच्या हातातल्या छोट्या ढालीलाही फरीच म्हणतात. त्यांच्याकडेही मिरवणुकीतली प्रात्यक्षिकं आहेत, पण शेजारी त्यांनी सामना उभा केला. काठी, ढाल, मैदान, पंच, गुण असे नियम बसवले. खेलो इंडिया युवा स्पर्धेत, जून २०२२ मध्ये पंचकुल्याला, गतका होता आणि २०२३ मध्ये गोव्याला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेतही होता. बीडहून नांदेड काही परदेश नाही.

शाळेच्या स्पर्धांत तलवारबाजी आज आहे, ती युरोपीय. छत्रपती संभाजीनगरच्या क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात तिचं चांगलं प्रशिक्षण मिळतं आणि मराठवाड्यातली मुलं त्यात नाव काढतात. तो खेळ महाग आहे. पातं, जाळीचा मुखवटा, विजेची तार असलेला अंगरखा, सगळं बाहेरचं. ऑलिंपिकमध्ये खेळलेली पहिली भारतीय तलवारबाज चेन्नईची भवानी देवी. सुरुवातीला तिच्या शाळेत मुलं बांबूच्या काठ्यांनीच सराव करत आणि खरी तलवार सामन्यापुरती बाहेर काढत. बांबू असा सगळीकडे पहिल्या पायरीवर येऊन उभा राहतो.

बीडला खेळाडूंची उणीव कधीच नव्हती. पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ च्या राष्ट्रकुलात सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक कुस्तीत कांस्य घेऊन आला. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे शाळेत पायी जाणारा मुलगा. तो तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये राष्ट्रकुलाचं रौप्य आणि आशियाई सुवर्ण घेऊन आला आणि २०२४ मध्ये त्याने ८ मिनिटं ९.९१ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम केला. त्यांचा अभिमान वाटतोच. पण त्यांच्या नावाखाली आपण एक चूक करतो. खेळ म्हटलं की आपल्याला पदक, दहावीचे वाढीव गुण आणि नोकरीतलं पाच टक्के आरक्षण एवढंच दिसतं. गरिबीत ते दिसणं साहजिक आहे, आणि ज्या घरात एका नोकरीने दोन पिढ्या उभ्या राहतात तिथे कुणाला नावं ठेवायची नाहीत. तरी ज्या मुलाला पदक मिळणार नाही हे सातवीतच कळतं, त्याला आपण मैदानाबाहेर बसवतो. 'बांबू ब्लेड' हलकीफुलकी आहे ती इथे. त्या पाच मुली काही जगज्जेत्या होत नाहीत. मालिकेत जास्त वेळ त्या दुपारच्या डब्यावर गप्पा मारतात, परीक्षेला घाबरतात, दुकानात काम करतात, आणि संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये येऊन अर्धा तास घसा फोडून ओरडतात. जेवणाच्या लोभाने सुरुवात केलेला कोजिरोही हळूहळू खरा शिक्षक होतो. घरकामासारखं केंडो करणाऱ्या टामाकीला आपल्याला हे आवडतं, हे मैत्रिणींमुळे कळतं. एवढीच गोष्ट आहे.

पुतणीला मी फरीगदग्याबद्दल सांगितलं. तिने लगेच विचारलं, कुठे शिकवतात?

म्हणून हे लिहिलं. तुमच्या गावात, तालमीत, वस्तीवर फरीगदगा खेळलेला एखादा वस्ताद अजून असेल, तर त्याला भेटा. त्याच्याकडून वारांची नावं, पवित्रे, फरी धरायची रीत लिहून घ्या, मोबाइलवर चित्रित करा. क्रीडाशिक्षकांनी वेताच्या दहा काठ्या आणि जाड कापडाचं मढवण एवढ्यावर सुरुवात करावी. डोक्याला शिरस्त्राण मात्र पहिल्या दिवसापासून हवं. जाळीचं क्रिकेटचं चालेल. आणि हे गणपती ते दसरा या दिवसांत करावं, टोळ्या कारखान्याला निघायच्या आधी, सगळी मुलं गावात असताना.